हलकी प्रत मागायची कुठे? कुडाळच्या एका घरगुती सर्व्हरचं प्रकरण

कुडाळात माझ्या मावसभावाच्या घरी टीव्हीखालच्या कपाटात एक छोटा पीसी बारा महिने चालू असतो. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असलेला, सेकंडहँड घेतलेला. त्यावर लिनक्स, लिनक्सवर जेलीफिन, आणि बाजूला चार टीबीची डिस्क. जेलीफिन हा २०१८ च्या डिसेंबरात एम्बी या तशाच प्रोग्रामच्या खुल्या कोडमधून फुटून निघालेला मीडिया सर्व्हर, म्हणजे घरच्या डिस्कवरचे व्हिडिओ फोन-टीव्हीवर पोचवणारा प्रोग्राम. फुकट आहे आणि उद्या कोणी वर्गणी लावेल अशी धास्ती नाही, म्हणून भावाने तो निवडला.

त्यात सिनेमे जवळजवळ नाहीतच. आहे ते घरचं आणि गावचं: जत्रेतली दशावतारी नाटकं, गणपतीतल्या डबलबाऱ्या (दोन बुवांमधले भजनाचे सामने), लग्नं-मुंजी, आणि जुन्या मिनीडीव्ही कॅसेटींवरून उतरवलेलं बरंच काही. नाटक मंडळींनी रेकॉर्डिंगला आडकाठी केली नाही, फक्त अख्खं नाटक यूट्यूबवर टाकू नका एवढं सांगितलं. रात्रीच्या प्रयोगावर ज्यांचं घर चालतं त्यांचं हे म्हणणं रास्तच आहे. म्हणून हा सगळा साठा नात्यातल्या पंधरा-वीस खात्यांपुरता. पुढचं सगळं प्रकरण याच अटीतून निघालं. यूट्यूबवर चढवलं की १४४पीपासून वरपर्यंतच्या प्रती तिकडच्या तिकडे तयार होतात आणि रेंजप्रमाणे आपोआप बदलतात. घरच्या सर्व्हरवर ते काम कोणीतरी करावं लागतं.

काय अडत होतं

आमची आत्या देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका वाडीत राहते. वर जांभ्याचा सडा म्हणजे खडकाळ पठार, खाली उतारावर माडाबागेत घरं. सड्यावर मोबाइलला चांगली रेंज असते, घरात एखादी दांडी, तीही पडवीत. दशावतारावर तिचा फार जीव. गुडघ्यांमुळे आता जत्रेला रात्रभर बसवत नाही. भावाने तिच्या फोनवर जेलीफिन घालून दिलं आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला, ‘‘नुसता गोल फिरता, फुडे काय जाणा नाय.’’

हिशेब केला तर गोल फिरणारच. सेकंदाला एक मेगाबिट या दराने तासाभरात ४५० एमबी जातात. साधारण फोनवर १०८०पी, एच.२६४ या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीत घेतलेला व्हिडिओ सेकंदाला १७ मेगाबिटच्या आसपास असतो. म्हणजे तीन तासांचं नाटक झालं सुमारे २३ जीबी. मिनीडीव्हीवरून उतरवलेलं तर तासाला १३ जीबी, आणि तेही ५७६ ओळींचं जुनं चित्र.

आत्याकडे नेमका किती वेग मिळतो हे बघायला स्पीड टेस्टचं ॲप कामाचं नव्हतं. ते जवळच्या सर्व्हरशी काही सेकंद बोलून आकडा सांगतं. आम्ही कुडाळच्या सर्व्हरवर १०० एमबीची एक फाइल ठेवली आणि रात्री नऊला, जेव्हा ती खरोखर बघायला बसते तेव्हा, उतरवून घेतली. पडवीत अर्ध्या तासाहून जास्त लागला. म्हणजे सेकंदाला जेमतेम ४०० किलोबिट. आत्याच्या नातवाने सड्यावर जाऊन तीच फाइल उतरवली तर दीड-दोन मिनिटांत आली.

या मोजणीचा एक आडफायदा झाला. विरारच्या काकांचीही ‘अडकतं’ अशीच तक्रार होती, पण त्यांच्याकडे ब्रॉडबँड आहे. कुडाळच्या फायबरला स्वतंत्र सार्वजनिक आयपी नाही, कंपनी शेकडो गिऱ्हाइकांना एका पत्त्यामागे बसवते, म्हणून भावाने टेलस्केल हे लांबची यंत्रं खासगी जाळ्यात जोडणारं ॲप वापरून सगळ्यांना जोडलंय. टेलस्केलला दोन टोकांमध्ये सरळ रस्ता मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर सगळी वाहतूक मधल्या रिले सर्व्हरवरून जाते आणि वेग मार खातो. काकांची जोडणी रिलेवरून चालली होती. दोन्हीकडच्या राउटरवर आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, चालू केल्यावर सरळ रस्ता मिळाला आणि त्यांची तक्रार एकही व्हिडिओ बारीक न करता मिटली. रूपांतराच्या मागे लागण्याआधी हे एकदा तपासून घ्यावं; टेलस्केलच्या स्टेटसमध्ये ‘डायरेक्ट’ की ‘रिले’ ते लिहिलेलं असतं.

काकांचा मुलगा मात्र उरला. तो लोकलमध्ये बघतो, आणि त्याच्या प्लॅनला रोजचा दीड जीबी. आणखी एक भाचा बोटीवर, मर्चंट नेव्हीत. त्याचा प्रश्न वेगाचा नव्हताच. शिप जॉइन करायच्या आधी फोनमध्ये मावेल तेवढं भरून न्यायचं, एवढंच त्याला हवं होतं.

जागच्या जागी बारीक करणं का पुरलं नाही

जेलीफिन बघता बघता व्हिडिओ बारीक करून पाठवू शकतं. इंटेलचं क्विक सिंक, म्हणजे प्रोसेसरमधलीच व्हिडिओ रूपांतराची सोय, हाताशी असल्याने कुडाळच्या पीसीला ते जडही जात नाही. मग वेगळी प्रत कशाला, हा भावाचा पहिला प्रश्न होता आणि तो चुकीचा नव्हता.

पण आत्याच्या पडवीत हे तीन ठिकाणी तुटत होतं. पहिलं म्हणजे, जेलीफिन सुरुवातीला एक दर धरतं आणि त्याच दराने देत राहतं. रेंज मधेच बसली तर बघणाऱ्याने मेनूत जाऊन दर उतरवायचा. सत्तरीच्या बाईकडून ही अपेक्षा करू नये. दुसरं, घाईत केलेलं रूपांतर आणि निवांत केलेलं रूपांतर यांत फरक पडतो. बघणारा ताटकळत असताना एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ दाबणाऱ्या प्रोग्रामला, विचार करायला वेळ नसतो. भरपूर बिट असतील तर हा फरक दिसत नाही, पण चारशे-पाचशे किलोबिटमध्ये संकासुराच्या तोंडाचे चौकोन दिसायला लागतात. तिसरं कारण सगळ्यात मोठं: जेलीफिनमधून डाउनलोड केलं की मूळ फाइल येते. बारीक केलेली येत नाही. भाच्याला आणि लोकलवाल्याला हवं होतं ते नेमकं डाउनलोडच. तेवीस जीबी सड्यावरच्या वेगानेही सहा तासांच्या वर जातं.

तेव्हा आधीच बारीक करून ठेवलेली प्रत हवी, हे ठरलं. प्लेक्स या दुसऱ्या मीडिया सर्व्हरमध्ये ‘ऑप्टिमाइझ’ नावाने ही सोय आहे, पण ती सर्व्हरच्या मालकाच्या हातात. पाहुण्या खात्याला तसं सांगता येत नाही. एम्बीतही रूपांतर आहे, ते पैसे भरणाऱ्यांसाठी. जेलीफिनबरोबर लोक जेलीसीर लावतात, पण त्यात मागणी नोंदवता येते ती सर्व्हरवर नसलेल्या सिनेमाची. ‘जे आहे तेच मला हलकं करून द्या’ म्हणायला फुकट, तयार खिडकी आम्हाला सापडली नाही.

मागायचं कसं

पहिले काही आठवडे व्हॉट्सॲपच्या कुटुंब ग्रुपवर मागायचं ठरलं. गुड मॉर्निंगच्या फुलांखाली मागण्या गाडल्या जात होत्या हे तर झालंच. ‘ते मागच्या जत्रेतलं पाठव’ म्हणजे कोणत्या देवळाच्या जत्रेतलं, कुठल्या मंडळाचं, हे विचारण्यात संध्याकाळ जायची. मग भावाने नियम केला की आधी मला सांगा, मी बघतो. डिस्क भरेल ही त्याची भीती.

आत्याने या काळात एकदाही काही मागितलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, ‘‘उगाच तुका त्रास कित्याक?’’ मला या सगळ्या प्रकरणातली कळीची गोष्ट हीच वाटते. ज्याची रेंज सगळ्यात वाईट, तोच मागायला सगळ्यात जास्त संकोचतो. घरातल्या माणसाला मंजुरी मागणं म्हणजे त्याच्या डोक्यावर काम टाकणं. मग माणसं ‘राहू दे’ म्हणतात आणि ॲप उघडायचं सोडून देतात. मालकाला वाटतं, कोणाला गरजच नाही.

मंजुरीचं कारण आकड्यांपुढे टिकलंही नाही. हलकी प्रत ठरली ४८०पीची, चित्राला ५०० आणि आवाजाला ९६ किलोबिट. तीन तासांचे सुमारे ८०० एमबी. म्हणजे २३ जीबीच्या मूळ फाइलच्या साडेतीन टक्के. सगळा साठा दोनदा ठेवल्यासारखं होईल असं भाऊ धरून चालला होता. प्रत्यक्षात डिस्कला जाणवणारही नाही एवढी ती भर होती. आणि आठशे एमबी लोकलवाल्याच्या दीड जीबीत बसतात, सड्यावर पंधरा मिनिटांच्या आत उतरतात, आत्याच्या पडवीतसुद्धा रात्री लावून ठेवलं तर पहाटेपर्यंत पूर्ण होतात.

मग सगळंच करून का टाकू नये? केलं असतं. पण चार कोअरचा जुना पीसी, निवांत सेटिंगवर, वर चित्राची साफसफाई. मिनीडीव्हीचा एक तास करायला जवळजवळ तासच लागतो. दिवसा सर्व्हर बघणाऱ्यांसाठी मोकळा हवा. शेकडो तासांचा साठा असा रात्री-रात्री संपायला कित्येक महिने. तेव्हा आधी काय घ्यायचं हे बघणाऱ्यांनी ठरवावं, हे बरोबर होतं.

खिडकी म्हणून शेवटी जेलीफिनमधलं बदामाचं चिन्ह वापरलं. फोनवर, टीव्हीवर, ब्राउझरवर, सगळीकडे ते असतं, प्रत्येक खात्याचं वेगळं असतं, आणि आत्याला ते व्हॉट्सॲपवरून ओळखीचं आहे. भावाने जेलीफिनची एपीआय की (दुसऱ्या प्रोग्रामला आत येऊ देणारी किल्ली) काढून एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली. ती दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक खात्याचे बदाम वाचते, नवीन दिसला की रांगेत घालते. प्रत तयार झाली की बदाम काढून टाकते. बदाम विझला म्हणजे माल तयार, एवढंच सगळ्यांना सांगितलं. फोन नाही, मेसेज नाही, विचारणं नाही.

यावर दोन तक्रारी आल्या. विरारचे काका बदाम खरोखरच आवडीसाठी वापरत होते, आणि एका सकाळी त्यांची यादी साफ! ‘‘माझे बदाम कुणी पुसले रे?’’ त्यांना ‘आवडती’ नावाची प्लेलिस्ट करून दिली. त्यांच्या जुन्या बदामांमुळे बनलेल्या हलक्या प्रती राहू दिल्या, कोणाच्या तरी उपयोगी पडतील म्हणून.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. भाच्याने शिप जॉइन करायच्या आठवड्यात चाळीसेक बदाम मारले. त्यानंतर आत्याने पहिल्यांदाच एक मागितलं आणि ते त्या चाळिसांच्या मागे जाऊन बसलं. भावाचा पहिला विचार भाच्याला समजावण्याचा होता. पण भाच्याची गरजही खरीच होती, त्याला महिनोन्‌महिने दुसरी संधी नव्हती. रांगेचा नियम बदलला: एका फेरीत प्रत्येक खात्याचं एक. आत्याचं त्याच रात्री झालं, भाच्याचे चाळीस पुढे चालू राहिले. कोणाला काही सांगावं लागलं नाही.

रात्रीचं काम

रूपांतर एफएफएमपेग या फुकट प्रोग्रामने होतं, रात्री एक ते सहा. मुद्दाम एच.२६४ ठेवलंय. एचईव्हीसी या नव्या पद्धतीत प्रत आणखी लहान झाली असती, एव्ही१ मध्ये त्याहून, पण आत्याच्या जुन्या फोनला एव्ही१ हार्डवेअरवर उलगडता येत नाही आणि बॅटरी नाटकाआधी संपते. २००३ सालचं एच.२६४ कुठेही चालतं.

दोन फेऱ्यांत एन्कोड करायचं हेही ठरवून केलं. पहिल्या फेरीत एन्कोडर नुसतं बघून घेतो, दुसऱ्या फेरीत बिट वाटतो. दशावताराला हे चांगलं लागू पडतं: राजा बाकड्यावर बसून दहा मिनिटं संवाद म्हणतो तिथे बिट वाचतात, ते युद्धनृत्याला मिळतात. शिवाय एकूण आकार आधी कळतो, आणि रोजच्या दीड जीबीत बसवायचं तर तो कळायलाच हवा.

खरी डोकेदुखी अंधाराची. जत्रा रात्रीची, देवळाच्या पटांगणात थोड्या बल्बांचा उजेड, फोनचा कॅमेरा. चित्रभर बारीक दाणे वळवळत असतात. एन्कोडरला तो दाणा आणि शालूवरची जर यांतला फरक कळत नाही; दोन्ही तपशील समजून तो बिट खर्च करतो. आधी एचक्यूडीएन३डी हा फिल्टर हलका लावून दाणे बसवले तर त्याच ५०० किलोबिटमध्ये चेहरे ओळखू येतात. जास्त लावला तर रंगवलेले चेहरे मेणाचे दिसतात, तेव्हा हात आखडता. नव्या फोनवर एचडीआरमध्ये (उजेड-रंगांचा जास्त पल्ला टिपणाऱ्या प्रकारात) घेतलेलं तसंच बारीक केलं की रंग उडालेले, राखाडी येतात; तिथे टोन मॅपिंग घालून तो पल्ला साध्या स्क्रीनपुरता आणावा लागला. कॅसेटींचं दुखणं वेगळं. पाल पद्धतीत एक चित्र दोन अर्ध्या-अर्ध्या ओळींत नोंदलेलं असतं, ते तसंच ठेवलं तर हलत्या हातांना कंगव्यासारखे दाते दिसतात. बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टरने ते जातात. फाइल कुठल्या जातीची हे स्क्रिप्ट स्वतः तपासते आणि त्याप्रमाणे फिल्टर लावते.

आवाजात मात्र काटकसर केली नाही. पायपेटी, मृदंग आणि झांज एकत्र वाजताना आवाज ४८ किलोबिटवर दाबला की झांजेचं नुसतं फसफस होतं. चित्र मऊ झालं तर आत्या काही म्हणत नाही. पद नीट ऐकू आलं नाही तर लगेच फोन.

पावसाळ्यात वीज जाते. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका एफएफएमपेग शेवटी लिहितं, त्यामुळे मधेच बंद पडलेली फाइल अर्धीसुद्धा चालत नाही. प्रत आधी लायब्ररीच्या बाहेरच्या फोल्डरात बनते, पूर्ण झाल्यावरच, त्याच डिस्कवर नाव बदलून, आत येते. तुटकी फाइल कोणाला दिसत नाही. वीज आली की तेच काम पुन्हा पहिल्यापासून. ‘फास्टस्टार्ट’ हा पर्याय लावून अनुक्रमणिका फाइलच्या सुरुवातीला आणली, म्हणजे थेट बघणाऱ्यालाही अख्खी फाइल उतरेपर्यंत थांबावं लागत नाही.

प्रत ठेवायची कुठे

जेलीफिनमध्ये एकाच सिनेमाच्या दोन प्रती एका फोल्डरात ठेवून नावाच्या शेवटी ‘ - ४८०पी’ असं रोमन अक्षरांत लिहिलं की त्या एकाच चित्राखाली दिसतात आणि बघणारा यादीतून निवडतो. सुरुवातीला तसंच ठेवलं. कागदावर फार छान. पण यादीत मोठी प्रत वर येते, आत्या सरळ प्ले दाबते, आणि पुन्हा गोल फिरायला लागतं.

आता ‘हलकं’ नावाची वेगळीच लायब्ररी आहे. आत्याच्या आणि भाच्याच्या खात्यात ती सगळ्यात वर येते. एकच नाटक दोन ठिकाणी दिसतं, भावाला ते अव्यवस्थित वाटतं. मला विचाराल तर अव्यवस्थित पण न चुकणारं बरं.

हे बसल्यावर आत्याने एक मागणी केली जी कोणाच्या डोक्यात नव्हती. डबलबारीचं नुसतं भजन हवं, चित्र नको. सकाळी तांदूळ निवडताना, कोकमाची सोलं वाळत घालताना ती ऐकते, स्क्रीनकडे बघतंय कोण. बदामातून हे सांगायची सोय नव्हती, तिने सरळ फोन केला, आणि आता तिला संकोच वाटत नव्हता याचंच मला जास्त बरं वाटलं. हलक्या प्रतीतून आवाज तसाच उचलून वेगळा ठेवायला नव्याने एन्कोड करावं लागत नाही, काही सेकंदांचं काम. तासाला ४३ एमबी. चार तासांची बारी पावणेदोनशे एमबीच्या आत. ही तर तिच्या पडवीतल्या ४०० किलोबिटवर न अडकता थेटसुद्धा वाजते. प्रत्येक हलक्या प्रतीबरोबर आता आपोआप आवाजाची प्रत बनते आणि ‘नुसतो आवाज’ या लायब्ररीत जाते. विरारच्या लोकलमध्ये हीच जास्त चालते असं दिसतंय.

नव्या रेकॉर्डिंगला आता बदामाची वाट बघत नाहीत. डिस्कवर चढलं की त्याच रात्री हलकं होतं. रांग उरली आहे ती जुन्या साठ्यासाठी, आणि तीही आखूड होत चालली आहे.

अडलेली गोष्ट एकच. मूळ प्रत आणि हलकी प्रत या सर्व्हरच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू. आत्या चतुर्थीला कुडाळला आली की अर्धं राहिलेलं आख्यान मोठ्या टीव्हीवर पुढे लावायचं असतं, तेव्हा कुठे थांबलो ते शोधत बसावं लागतं. एका नोंदीवरची वेळ दुसरीवर लिहिणं एपीआयने जमतं, स्क्रिप्टमध्ये ते घालायचं ठरलंय. पण डाउनलोड करून फोनच्या प्लेयरमध्ये बघितलेल्याची खबर सर्व्हरला लागतच नाही, आणि आत्या बहुतेक सगळं तसंच बघते.